वजनाच्या शस्त्रक्रियेआधी पोटातला जंतू का शोधतात

वेंगुर्ल्यातील आमच्या औषधांच्या दुकानात सर्वाधिक खप कशाचा होतो, हे सांगण्यासाठी मला हिशेबाची वही उघडावी लागत नाही. "पित्ताची एक पट्टी दी गो" असे म्हणत येणारे गिऱ्हाईक सकाळी दुकानाची फळी उघडल्यापासून रात्री ती लावेपर्यंत येत असते. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल ही नावे आता इतक्या लोकांच्या तोंडी बसली आहेत की, डॉक्टरांची चिठ्ठी मागितली तर माणसे दुखावतात; जणू मी त्यांच्याकडे मिठासाठी चिठ्ठी मागितली. या गोळ्या वाईट नाहीत. जठरातील आम्ल कमी करण्याचे काम त्या उत्तम करतात आणि अनेकांना त्यांची खरोखरच गरज असते. मात्र वर्षानुवर्षे मनाने घेतलेली हीच गोळी एका विशिष्ट तपासणीचा निकाल कसा फसवा करू शकते आणि वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया ठरलेल्या माणसाच्या बाबतीत त्याला किती महत्त्व येते, हे माझ्या नणंदेच्या निमित्ताने मला जवळून पाहता आले. त्यांच्या परवानगीनेच हे लिहीत आहे. नाव तेवढे घालू नकोस, असे त्यांनी बजावले आहे.

वन्सं कणकवलीला असतात. शस्त्रक्रियेचा विचार सुरू झाला तेव्हा त्यांचे वजन 104 किलो होते आणि उंची 155 सेंटीमीटर, म्हणजे वजन आणि उंची यांच्या गुणोत्तरावरून काढला जाणारा बीएमआय 43 च्या पुढे. जोडीला मधुमेह, रक्तदाब आणि जिना चढू न देणारे गुडघे. अशा शस्त्रक्रियेसाठी बीएमआय किती असावा याचे निकष 2022 साली अमेरिकेतील आणि आंतरराष्ट्रीय अशा दोन शल्यविशारद संघटनांनी मिळून नव्याने मांडले. त्यांनुसार 35 किंवा अधिक बीएमआय असल्यास अन्य आजार नसले तरी शस्त्रक्रियेची शिफारस करता येते, मधुमेहासारखा चयापचयाचा आजार असल्यास 30 पासून तिचा विचार करता येतो आणि आशियाई लोकांच्या शरीरात कमी वजनालाच चरबीचे दुष्परिणाम दिसू लागत असल्याने त्यांच्यासाठी ही रेषा 27.5 पर्यंत खाली आणता येते. वन्सं कोणत्याही मापाने या निकषांत बसत होत्या. कोल्हापूरच्या शल्यविशारदांनी गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे जठराचा बराच भाग टाळून अन्न पुढे नेणारी शस्त्रक्रिया सुचवली, रक्ताच्या तपासण्या, हृदयाची तपासणी, आहारतज्ज्ञांची भेट अशी यादी दिली आणि त्या यादीत तोंडावाटे जठरात घालायच्या दुर्बिणीची तपासणी लिहून शेजारी एक ओळ जोडली: पित्ताची गोळी दोन आठवडे आधी बंद.

या एका ओळीवरून घरात जेवढा वाद झाला तेवढा शस्त्रक्रियेच्या खर्चावरूनही झाला नसेल. वन्सं कित्येक वर्षे रोज सकाळी उपाशीपोटी ती गोळी घेत आल्या होत्या आणि ती बंद केल्यावर पहिल्याच आठवड्यात छातीत जळजळ, आंबट ढेकरा आणि रात्री उठून बसणे सुरू झाले. दीर्घकाळ घेतलेली गोळी एकदम थांबवली की काही काळ आम्ल नेहमीपेक्षाही जास्त तयार होते, त्यामुळे हा त्रास अनपेक्षित नव्हता. पातळ अँटासिड घेण्यास डॉक्टरांची हरकत नव्हती आणि त्यावरच त्यांनी ते दिवस काढले. घरातल्या सर्वांचा प्रश्न एकच होता, की ज्या गोळीने बरे वाटते ती बंद करून तपासायचे तरी काय?

तपासायचे होते ते हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जिवाणूला. हा मळसूत्रासारखा वळलेला जंतू जठराच्या अस्तरावरील चिकट श्लेष्माच्या थरात राहतो. जठरातील आम्ल बहुतेक जंतूंना मारून टाकते. पण याच्याजवळ युरिएज नावाचे विकर (एन्झाइम) मोठ्या प्रमाणात असते आणि त्याच्या साहाय्याने तो युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतो, ज्यामुळे त्याच्या भोवतीपुरते आम्ल निष्प्रभ होते. याच गुणधर्मावर त्याला पकडण्याच्या काही प्रमुख तपासण्या उभ्या आहेत. वन्संच्या दुर्बिणीच्या वेळी माझ्या व्यवसायामुळे डॉक्टरांनी मला नंतर आत बोलावून ते छोटे संच दाखवले. जठराच्या खालच्या आणि मधल्या भागातून चिमट्याने घेतलेले, तांदळाच्या कणीपेक्षाही लहान असे तुकडे पिवळ्या पदार्थाच्या एका खळग्यात ठेवले होते. त्या पदार्थात युरिया असतो आणि आम्लता बदलली की रंग बदलणारे द्रव्य असते. तुकड्यात जंतू असेल तर अमोनिया तयार होतो आणि पिवळ्याचा गुलाबी होतो. आम्ही बोलत असतानाच तुकड्याच्या कडेने गुलाबी रंगाची एक बारीक कड दिसू लागली आणि अर्ध्या तासात सगळा खळगा जास्वंदीच्या रंगाचा झाला. सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी वेगळे तुकडे पाठवले होते, त्यांचा अहवालही काही दिवसांनी तसाच आला.

आता गोळीचा संबंध कुठे येतो ते सांगते. आम्ल कमी करणाऱ्या या गोळ्यांमुळे जंतू मरत नाही, पण त्याची संख्या आणि युरिएजची क्रिया घटते. शिवाय जठराच्या खालच्या भागातून तो वरच्या भागाकडे सरकतो. परिणामी गोळी चालू असताना केलेली तपासणी जंतू असूनही तो नाही असे दाखवू शकते. श्वासाची चाचणी आणि विष्ठेतील प्रतिजनाची (म्हणजे जंतूच्या अंशांची) चाचणी यांनाही हीच अडचण येते. म्हणून या गोळ्या दोन आठवडे आणि प्रतिजैविके किंवा बिस्मथ चार आठवडे आधी बंद ठेवायचे, हा नियम सर्वत्र पाळला जातो. रक्तातील प्रतिपिंडांच्या चाचणीवर गोळ्यांचा परिणाम होत नाही, परंतु जंतू आज आहे की पूर्वी कधी होता, हे ती सांगू शकत नाही, त्यामुळे तिच्यावर विसंबून उपचार ठरवणे शहाणपणाचे नाही. आमच्याकडे मात्र अजूनही तीच चाचणी "पोटातल्या जंतूची रक्ततपासणी" म्हणून सर्रास लिहून दिली जाते, हे जाता जाता नोंदवते.

जंतू निघाला हे ऐकून वन्संनी विचारलेला प्रश्न मला फार रास्त वाटला. "वैनी, इतकी वर्षां पोटात होतो, काय केल्यान नाय, आता ऑपरेशनाच्या येळेकच कसो उठलो?" खरे तर तो उठलेला नव्हता. हा जंतू बहुधा लहानपणीच घरातल्या माणसांकडून, तोंडावाटे किंवा अस्वच्छ हातांवाटे शरीरात येतो आणि उपचार न केल्यास जन्मभर राहतो. जगातील जवळपास निम्म्या लोकांच्या पोटात तो असल्याचे दीर्घकाळ मानले गेले आहे आणि भारतात त्याचे प्रमाण मोठे आहे. ज्यांच्यात तो असतो त्यांतील बहुसंख्यांना काहीही जाणवत नाही; अस्तराला सूक्ष्म दाह मात्र सर्वांच्याच पोटात असतो, थोड्यांना अल्सर होतो आणि अगदी थोड्यांना पुढे जठराचा कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1994 साली त्याला मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले, हे अनेकांना ठाऊक नसते.

मालवणी मसाला, तिरफळ किंवा आमसुलाचे सार यांवर ठपका ठेवण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. अल्सर हा तिखट खाण्याचा आणि चिंतेचा रोग आहे, असे वैद्यकशास्त्रही बराच काळ समजत होते. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन यांना 1979 साली जठराच्या तुकड्यांत हे वळलेले जंतू दिसले. बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले आणि 1982 च्या ईस्टरच्या सुट्टीत नेहमीपेक्षा जास्त दिवस उबवणीपेटीत राहून गेलेल्या बशांवर तो जंतू पहिल्यांदा वाढला. लोक विश्वास ठेवीनात म्हणून मार्शल यांनी 1984 साली त्या जंतूंचे मिश्रण स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. दोघांना 2005 साली वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. विहिरीच्या पाण्याबद्दलही लोक विचारतात. जांभ्या दगडातून पाणी सहज झिरपते आणि शोषखड्डा जवळ असेल तर पावसाळ्यात विहीर दूषित होते, हे खरेच आहे; तरी या जंतूच्या बाबतीत कुटुंबातून होणारा प्रसार हाच मुख्य मार्ग मानला जातो.

वजनाच्या शस्त्रक्रियेशी या जंतूचे नाते समजायचे तर बायपासमध्ये पोटाच्या आत काय होते, हे डोळ्यांसमोर आणावे लागते. अन्ननलिकेला लागून असलेला जठराचा 30 मिलिलिटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी मावेल एवढा कप्पा स्टेपलरने वेगळा करतात. लहान आतडे कापून त्याचे खालचे टोक वर आणून या कप्प्याला जोडतात, त्यामुळे अन्न उरलेले जठर आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून थेट पुढे जाते. टाळलेला भाग कापून काढत नाहीत. तो पोटातच राहतो, त्याला रक्तपुरवठा असतो, त्यात रस तयार होतात आणि ते खाली आतड्याच्या दुसऱ्या जोडापाशी अन्नाला येऊन मिळतात. इंग्रजी वाय अक्षरासारखी ही जोडणी स्विस शल्यविशारद सेझार रू यांच्या नावाने ओळखली जाते. एक गंमत अशी, की लठ्ठपणासाठी पहिला गॅस्ट्रिक बायपास 1966 साली अमेरिकेत आयोवा येथे करणाऱ्या एडवर्ड मेसन यांना ही कल्पना सुचली ती अल्सरसाठी जठराचा भाग काढलेले रुग्ण बारीकच राहतात, या निरीक्षणावरून. म्हणजे अल्सर कापून काढण्याच्या विद्येतून वजनाची शस्त्रक्रिया जन्मली, आणि पुढे जंतूचा शोध लागून गोळ्यांनीच अल्सर बरे होऊ लागल्यावर मूळची ती शस्त्रक्रिया जवळजवळ इतिहासजमा झाली.

टाळलेल्या जठराची अडचण अशी, की साध्या दुर्बिणीने तेथे पुन्हा कधी पोहोचता येत नाही. मुंबईला गेलेल्या चाकरमान्याचे घर गावात उभे असते पण किल्ली कोणाकडे नसते, तशी त्याची अवस्था होते. त्यात पुढे अल्सर होऊन रक्तस्राव झाला तर तो नेमका कोठून होतो आहे, हे शोधण्यासाठी लांबलचक आतड्यातून उलट फिरून जाणारी खास दुर्बीण लागते किंवा पोटाला छिद्र पाडून आत शिरावे लागते, आणि या सोयी मोठ्या शहरांतही मोजक्याच ठिकाणी असतात. सिंधुदुर्गातून मध्यरात्री निघालेल्या माणसाला त्या वेळेत गाठता येतील याची खात्री कोणी देऊ शकत नाही. जठराच्या कर्करोगाची सुरुवात तेथे झाली तरी ती लवकर दिसणार नाही. म्हणूनच जठराच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त असलेल्या जपानसारख्या देशात असे बंद जठर मागे ठेवण्याबाबत शल्यविशारद विशेष सावध असतात आणि स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया) किंवा दुर्बिणीला वाट मोकळी ठेवणारे अन्य प्रकार अधिक पसंत करतात. बायपासच्या आधी जंतू शोधून नष्ट करण्यामागे मला सर्वांत पटलेले कारण हेच आहे: दार बंद होण्यापूर्वी आत काय आहे ते पाहून घ्यावे.

दुसरे कारण जोडापाशी होणाऱ्या अल्सरचे. लहान आतड्याचे अस्तर आम्ल सोसण्यासाठी बनलेले नसते. त्याच्या सुरुवातीच्या भागात आम्ल निष्प्रभ करणारे क्षारयुक्त रस मिसळतात, पण बायपासमध्ये वर आणून जोडलेल्या आतड्याला ते संरक्षण नसते. छोट्या कप्प्यातील आम्ल थेट त्या जोडावर येते आणि काही रुग्णांना तेथे अल्सर होतो, क्वचित तो फुटून पोटात छिद्रही पडते. सिगारेट आणि आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या हे या अल्सरचे सर्वांत ठाम ठरलेले कारण आहे. हेलिकोबॅक्टरबद्दल मात्र अभ्यासांत एकमत नाही. काही पाहण्यांत जंतू असलेल्या रुग्णांत असे अल्सर जास्त आढळले, काहींत फरकच दिसला नाही. जंतू आधीच नष्ट केला तर अल्सर निश्चितपणे टळतो, असेही छातीठोकपणे म्हणता येत नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण जंतूचा उपचार झाला म्हणजे अल्सरची चिंता मिटली असे समजून पुढे गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळ्या सुरू करणारे रुग्ण मी पाहिले आहेत.

स्लीव्ह या दुसऱ्या प्रकारात चित्र बरेच वेगळे असते. तेथे जठराचा बाहेरच्या वळणाकडचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि नळीसारखे उभे जठर उरते. काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येतो, दुर्बिणीची वाट पूर्वीसारखीच खुली राहते आणि जंतू नंतर आढळला तरी त्यावर उपचार करता येतो. स्टेपलच्या रेषेतून गळती होणे यासारख्या तातडीच्या गुंतागुंती जंतूमुळे वाढतात, असे अनेक अभ्यासांत दिसलेले नाही. त्यामुळे स्लीव्हच्या आधी प्रत्येकाचा जंतू शोधावाच का, हा वाद शल्यविशारदांत चालू आहे. काही केंद्रांत सर्वांची दुर्बीण होते, काहींत लक्षणे असलेल्यांचीच. वजनाच्या शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांत या जंतूचे प्रमाणही देशागणिक बदलते. काही युरोपीय पाहण्यांत ते दहातल्या एकाच्या आसपास आहे, तर सौदी अरेबियातील काही पाहण्यांत निम्म्याहून अधिक. ज्या समाजात जंतू दुर्मीळ आहे तेथील डॉक्टरांनी सरसकट तपासणी अनावश्यक मानली तर ते समजू शकते. आपल्याकडे, जिथे जंतू सर्वत्र आहे आणि लक्षणे पित्ताच्या गोळीखाली झाकलेली आहेत, तिथे निदान बायपासच्या रुग्णाने तरी या तपासणीला कंटाळू नये, असे माझे मत आहे.

उपचाराचा भाग माझ्या रोजच्या कामाचा असल्याने त्यावर थोडे सविस्तर लिहिते. पूर्वी आम्ल कमी करणारी गोळी, क्लॅरिथ्रोमायसिन आणि अमॉक्सिसिलिन ही दोन प्रतिजैविके यांचा तिहेरी उपचार सर्रास दिला जाई. जंतूंनी क्लॅरिथ्रोमायसिनला दाद देणे कमी केल्यापासून त्याचे यश घटले आहे. मेट्रोनिडाझोलला दाद न देणारे जंतू तर भारतात फारच आढळतात आणि कोणतीही जुलाबाची तक्रार आली की मेट्रोनिडाझोलची पट्टी घेण्याची आपली सवय त्याला हातभार लावत आली आहे. अलीकडे बिस्मथ असलेला चौपदरी उपचार 14 दिवस देण्याकडे कल आहे: आम्ल कमी करणारी गोळी, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल. यातील मेट्रोनिडाझोल पुरेशा मोठ्या मात्रेत आणि पूर्ण 14 दिवस दिल्यास जंतूचा चिवटपणा बऱ्याच अंशी मोडता येतो, म्हणून दिवस कमी करणे किंवा मधल्या वेळच्या गोळ्या गाळणे यात मोठे नुकसान आहे. टेट्रासायक्लिन आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात नेहमी मिळत नाही आणि त्याऐवजी घरात पडलेले डॉक्सीसायक्लिन चालेल का, असे विचारले जाते. या जंतूवर त्याचा प्रभाव कमी पडतो, त्यामुळे बदल करायचाच तर तो डॉक्टरांनी करावा.

वन्संना दिवसभरात मिळून मूठभर गोळ्या घ्याव्या लागत. तोंडाला सतत धातूसारखी चव येई आणि सोलकढीसुद्धा नकोशी वाटे. टेट्रासायक्लिन दुधासोबत किंवा कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्यांसोबत घेतले तर ते शरीरात नीट शोषले जात नाही, म्हणून चहाची आणि औषधाची वेळ वेगळी केली. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू वर्ज्य असते. वन्संना हे सांगण्याची गरज नव्हती, परंतु गोवा जवळ असल्याने इतर गिऱ्हाइकांना मी ते दोनदा सांगते, आणि फेणी ही काजूची म्हणून चालते असा युक्तिवाद करणाऱ्यांना तिसऱ्यांदाही सांगते. बिस्मथमुळे जीभ आणि शौचाचा रंग काळा होतो. पहिल्या दोन दिवसांतच वन्संचा घाबरून फोन आला. बिस्मथ किंवा लोहाच्या गोळीने काळे झालेले शौच बहुधा घट्ट असते; पोटातल्या रक्तस्रावाने होणारे शौच डांबरासारखे चिकट, चकाकणारे आणि अतिशय दुर्गंधीचे असते आणि जोडीला चक्कर, घाम, धडधड असू शकते. तसे असेल तर औषधाचा रंग समजून घरी बसू नये.

चतुर्थीच्या आधी शस्त्रक्रिया उरकून गणपतीला घरी बसता येईल, असा वन्संचा बेत होता. हिशेब मांडल्यावर तो मोडला. 14 दिवसांचा उपचार, त्यानंतर जंतू खरोखर गेला का हे पाहण्यासाठी किमान चार आठवड्यांची प्रतीक्षा, त्यातील शेवटचे दोन आठवडे पुन्हा पित्ताची गोळी बंद, म्हणजे सहा आठवडे तर सहजच गेले. सर्वच शल्यविशारद फेरतपासणीसाठी थांबत नाहीत; उपचार पूर्ण झाला की पुढची तारीख देणारेही आहेत. बायपासमध्ये थांबण्याला अर्थ आहे असे मला वाटते, कारण पहिल्या उपचाराने प्रत्येकाचा जंतू जात नाही आणि शस्त्रक्रियेनंतर तेच औषध घेणे अवघड होऊन बसते: सुरुवातीचे काही आठवडे मोठ्या गोळ्या गिळता येत नाहीत, मळमळ असते, आतड्याचा मार्ग बदललेला असतो आणि श्वासाच्या चाचणीचा निकालही पूर्वीइतका भरवशाचा राहत नाही. वन्संची फेरतपासणी श्वासाची झाली. उपाशीपोटी एका पिशवीत फुंकर मारायची, विशिष्ट प्रकारचा कार्बन असलेला युरिया पाण्यातून प्यायचा आणि अर्ध्या तासाने पुन्हा दुसऱ्या पिशवीत फुंकायचे. जंतू असेल तर तो युरिया फोडतो आणि त्या कार्बनचा वायू श्वासात सापडतो. तो सापडला नाही. गणपती झाले, म्हाळवस म्हणजे पितृपक्ष सरला आणि फोंडाघाटमार्गे आम्ही पुन्हा कोल्हापूर गाठले.

शस्त्रक्रियेपूर्वी यकृताचा आकार कमी व्हावा म्हणून सुमारे दोन आठवडे कमी उष्मांकाचा आणि भरपूर प्रथिनांचा आहार देतात. हा आहार आणि जंतूचा औषधोपचार एकाच वेळी उरकावा, असे एका नातेवाइकाने सुचवले होते. माझ्या मते तसे करू नये. रिकाम्या पोटी चौपदरी औषधे घेऊन उलट्या काढणारा रुग्ण ना आहार पाळतो ना औषध पूर्ण करतो.

आणखी एका गोष्टीकडे शस्त्रक्रियेआधीच लक्ष गेले ते बरे झाले. वन्संचे हिमोग्लोबिन वर्षानुवर्षे कमी असे आणि लोहाच्या गोळ्यांनी ते फारसे वाढत नसे. हेलिकोबॅक्टरमुळे लोहाचे शोषण बिघडू शकते आणि ब 12 जीवनसत्त्वाची कमतरताही त्याच्याशी जोडली गेली आहे. बायपासनंतर नेमक्या याच दोन गोष्टींचे शोषण कमी होते, कारण लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते आणि ब 12 साठी लागणारे घटक जठरात तयार होतात. आधीच रिकामी असलेली कोठी घेऊन शस्त्रक्रियेला जाण्यापेक्षा आधी कमतरता तपासून ती भरून काढणे केव्हाही योग्य. वन्संना शिरेतून लोह द्यावे लागले. ब 12, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आता त्यांना कायमचे घ्यायचे आहे, आणि बरे वाटू लागल्यावर सर्वांत आधी लोक हेच बंद करतात.

शस्त्रक्रियेनंतर आम्ल कमी करणारे औषध त्यांना पुन्हा सुरू झाले, यावेळी जोडाच्या रक्षणासाठी आणि डॉक्टरांच्या लेखी सूचनेनुसार. कॅप्सूल उघडून आतले दाणे घेण्यास सांगितल्यामुळे घरात पुन्हा आश्चर्य व्यक्त झाले, पण त्याला आधार आहे: बायपासनंतरच्या छोट्या कप्प्यात कॅप्सूल विरघळण्याआधीच पुढे सरकते आणि उघडून घेतलेल्या कॅप्सूलने जोडावरचे अल्सर लवकर भरतात, असे आढळले आहे. दाणे चावायचे किंवा कुटायचे मात्र नाहीत. मशेरीबद्दल शल्यविशारदांनी वन्संना थेट विचारले, याचे मला कौतुक वाटले. आमच्या भागातल्या कित्येक बायका विडी ओढत नाहीत म्हणून "तंबाखू नाही" असे फॉर्मवर लिहितात आणि दिवसातून तीनदा मशेरी लावतात. वन्सं त्यांतल्याच. ती सोडायला त्यांना जंतूपेक्षा जास्त काळ लागला.

त्यांच्या पर्समध्ये आता एक जाड कागद असतो. बायपास झाल्याची तारीख, बंद जठर आत आहे ही नोंद, हेलिकोबॅक्टरचा उपचार आणि फेरतपासणीचा निकाल, आणि आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन हे शल्यविशारदांना विचारल्याशिवाय देऊ नये, असे त्यावर मराठीत व इंग्रजीत लिहिलेले आहे. गेल्या पावसाळ्यात कणकवलीला अंगणात पाय घसरून त्या पडल्या तेव्हा जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन भरून तयार होते. वन्संनी आधी कागद पुढे केला, डॉक्टरांनी तो वाचला, सुई बाजूला ठेवली आणि पॅरासिटॅमॉल लिहून दिले.